घरी आणलेल्या माणसाची वही

माझे सासरे जबड्याच्या कर्करोगाने गेले. आम्ही त्यांना मामंजी म्हणायचो. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात नऊ महिने उपचार झाले आणि एका सकाळी तिथल्या डॉक्टरांनी दिराला सांगितलं, "आता इथे ठेवून उपयोग नाही, गावी न्या." डिस्चार्ज कार्डावर साडेतीन ओळी होत्या. दुखलं तर काय द्यायचं, जखमेची पट्टी कशी बदलायची, रात्री रक्त आलं तर फोन कुणाला करायचा, यातलं काहीच त्यात नव्हतं. तुतारी एक्स्प्रेसने कणकवलीला उतरवलं, तिथून जीपने देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीत आणलं. पुढचे अकरा दिवस आणि अकरा रात्री ते झोपले नाहीत.

मी आशा गटप्रवर्तक. गावोगावच्या बाळंतपणांची, लसीकरणाची, क्षयाच्या गोळ्यांची नोंद माझ्याकडे असते. तरीही माझ्याच ओटीवर माणूस कण्हत असताना कुठल्या दाराशी जायचं ते मला ठाऊक नव्हतं. बाराव्या दिवशी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयातल्या एका सिस्टरने पॅलिएटिव्ह केअर हा शब्द मला नीट समजावला: रोग बरा होणार नसला तरी दुखणं, उलटी, धाप, जखमेचा वास, घरच्यांची घालमेल या सगळ्यावर करायचे उपचार. मामंजींनंतर गेल्या सहा वर्षांत अशा बऱ्याच घरांत मी बसले आहे. तिथे जे उपयोगी पडलं ते लिहिते.

पहिलं काम, एक वही

दोनशे पानी वही घ्या. तिच्यात पहिल्या पानावर चार नावं आणि फोन लिहा. घरात हाताने सगळं करणारं माणूस कोण. कागद आणि पैसा बघणारं कोण (आपल्याकडे हे बहुतेक मुंबईतलं असतं, आणि असू द्यावं, विम्याची कामं तिथूनच नीट होतात). वैद्यकीय सल्ल्यासाठी फोन कुणाला. रात्री गाडी कुणाची. चार कामांना चार माणसं हवीत. एकट्या सुनेच्या अंगावर सगळं टाकलेलं घर दोन महिन्यांत कोलमडतं, हे मी फार वेळा पाहिलंय.

वहीत रोज वेळेसह लिहायचं: औषध किती वाजता दिलं, दुखणं दहापैकी किती, शौचाला झालं का, काय खाल्लं, ताप. डॉक्टर आठ दिवसांनी भेटतो तेव्हा "बरं नाही वाटत" या वाक्यावरून त्याला काही ठरवता येत नाही. "पहाटे तीन ते पाच दुखणं आठ, गोळी दिल्यावर चार" असं वाचलं की तो डोस बदलतो. हीच वही पुढे विम्याच्या कामालाही येते, ते खाली सांगते.

वैद्यकीय सल्ल्यासाठी मोठ्या डॉक्टरचा नंबर लागतोच असं नाही. तुमच्या उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, समुदाय आरोग्य अधिकारी असतात. तिथे मिळायच्या बारा प्रकारच्या सेवांमध्ये वृद्धांची आणि पॅलिएटिव्ह सेवा धरलेली आहे. तिथे जाऊन अंथरुणाला खिळलेला रुग्ण म्हणून नाव नोंदवा आणि घरभेट मागा. लाजू नका. नोंद झाली की पट्टी बदलायला, लघवीची नळी बघायला सिस्टर येतात, आशा फेरी मारते. कुणी नोंदच केली नाही तर आम्हालाही कळत नाही की कलमांच्या बागेपलीकडल्या घरात कुणी पडून आहे.

मॉर्फिन

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून सविस्तर लिहिते. कर्करोगाच्या जोरदार दुखण्याला तोंडाने घ्यायचं मॉर्फिन लागतं. ते बाजारपेठेतल्या मेडिकलमध्ये मागून मिळत नाही. 2014 साली अमली पदार्थांच्या कायद्यात बदल झाला. त्याआधी एका बाटलीसाठी चार-पाच परवाने लागायचे. बदलानंतर मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला एकाच मान्यतेवर ते ठेवता आणि देता येतं. म्हणून शोध औषधाचा घेऊ नका, अशा संस्थेचा घ्या. जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरची ओपीडी कोणत्या वारी असते आणि मॉर्फिन सध्या शिल्लक आहे का, हे निघण्याआधी फोनवर विचारा. देवगडहून ओरोस गाठायचं आणि रिकाम्या हाताने परतायचं, हे मी एकदा केलंय.

जाताना रुग्णाला न्यायची दरवेळी गरज नसते. बायोप्सीचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, आधार आणि ती वही घेऊन घरचं माणूस गेलं तर बहुतेक ठिकाणी काम होतं, पण पहिल्या भेटीत रुग्ण दिसलेला बरा. मुंबईत उपचार चालू असतील तर तिथून निघण्याआधीच मागून घ्या. टाटा रुग्णालयात पॅलिएटिव्ह मेडिसिनचा स्वतंत्र विभाग आहे. तिथल्या नोंदीची आणि औषधाच्या चिठ्ठीची प्रत हातात असली की जिल्ह्यातल्या डॉक्टरचं काम निम्मं होतं.

साधी गोळी चार तासांचं काम करते, म्हणून ती घड्याळ लावून द्यायची. दुखेल तेव्हा देऊ म्हणून थांबलं की दुखणं पुढे जातं आणि गोळी मागे राहते. पहिल्या दोन-तीन दिवसांत झोप जास्त येते, मळमळतं, मग ते ओसरतं. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही. पहिल्या दिवसापासून सोबत पोट साफ व्हायचं औषध हवंच, आणि डॉक्टर लिहायचं विसरले तर तुम्ही आठवण करा. गोळी अचानक बंद करायची नाही, स्वतःच्या मनाने वाढवायचीही नाही.

घरात एकजण तरी म्हणतो, व्यसन लागेल. दुखण्यासाठी, डॉक्टरच्या हाताखाली दिलेल्या मॉर्फिनबद्दल ही भीती धरून माणसाला तळमळत ठेवू नका. मामंजींना पहिली गोळी दिली त्या रात्री ते सलग पाच तास झोपले. सकाळी मला म्हणाले, "आज माका झोप लागली गो. पेज दी थोडी." अकरा दिवसांनी त्यांनी स्वतःहून काही मागितलं होतं.

जखमेच्या वासाने नातवंडं जवळ जाईनात, आणि ते मामंजींना दुखण्याहून जास्त लागत होतं. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची बारीक पूड जखमेवर टाकायला सिस्टरने शिकवलं. चार दिवसांत वास बराच गेला. तुमच्या रुग्णाला चालेल का ते विचारून करा, पण विचारा नक्की. जेवणासाठी घातलेल्या नळीतून पेज द्यायची तर गाळून, माणसाला उशांवर अर्धवट बसवून, आणि नंतर अर्धा तास तसंच ठेवून. दर दोन तासांनी कूस बदलायची. हवेची गादी असली तरी बदलायची, कारण आपल्याकडे जूनपासून वीज कधी जाईल सांगता येत नाही आणि वीज गेली की ती गादी बसते.

पावसाळ्याचं आधीच बघा. मृग लागायच्या आत औषधांचा जितका साठा डॉक्टर देतील तितका लिहून मागा. साकवावरून पाणी जात असेल तर गाडी कुठवर येते आणि तिथवर खुर्चीतून उचलून न्यायला चार खांदे कोण, हे वहीत लिहून ठेवा. 108 ची रुग्णवाहिका बोलावता येते, पण तिला तुमची वाडी शोधायला वेळ लागतो. मुख्य रस्त्यावरची ठळक खूण एका वाक्यात सांगायची तयारी ठेवा.

विम्याचे कागद

आता ज्यावरून घरात भांडणं होतात तो भाग. आरोग्यविमा मुळात रुग्णालयातल्या उपचारांसाठी बांधलेला आहे आणि शेवटचे महिने जातात घरात. या दोहोंची सांगड घालायची तर पॉलिसी शेवटच्या पानापर्यंत वाचावी लागते.

खाजगी आरोग्यविम्यात काय वगळलंय त्याचे ठरलेले क्रमांक असतात आणि सगळ्या कंपन्यांत ते सारखे असतात. पाचवा क्रमांक शोधा. त्यात निव्वळ विश्रांतीसाठीची भरती, अंघोळ-कपडे-भरवणं अशी शुश्रूषा, आणि असाध्य आजारी माणसाच्या शारीरिक, सामाजिक, मानसिक, आध्यात्मिक गरजांसाठीच्या सेवा वगळलेल्या आहेत. म्हणजे ज्याला आपण हॉस्पिस म्हणतो ते जवळजवळ सगळंच. हे चुकीचं आहे असं माझं ठाम मत आहे. पण आज तुमच्या हातात आहे ती हीच पॉलिसी, तर तिच्यात काय बसतं ते बघू.

आटोक्यात न येणारं दुखणं, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पोटात किंवा छातीत साठलेलं पाणी काढणं, थांबत नसलेली उलटी, यांसाठी 24 तासांहून जास्त भरती झाली तर ते उपचार आहेत, विश्रांती नव्हे. आमच्या दिराच्या कंपनीच्या पॉलिसीत मामंजींचं नाव होतं. एकदा जबड्यातून रक्त थांबेना म्हणून एका खाजगी रुग्णालयात तीन दिवस ठेवलं. सलाईन, इंजेक्शनं, पट्ट्या, सगळं झालं. डिस्चार्ज कार्डावर मात्र कुणीतरी लिहिलं, "अशक्तपणा, विश्रांतीसाठी दाखल." दावा फेटाळला गेला, त्याच पाचव्या क्रमांकावर बोट ठेवून. दिराने रुग्णालयाच्या केसपेपरची आणि नर्सच्या नोंदींची प्रत मागून घेतली, माझ्या वहीतल्या त्या रात्रीच्या पानांचे फोटो जोडले, डॉक्टरांकडून खरं कारण लिहिलेलं प्रमाणपत्र घेतलं आणि कंपनीच्या तक्रार विभागाला पाठवलं. सात आठवड्यांनी पैसे आले. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते, सुट्टी मिळताना कार्ड वाचल्याशिवाय पायरी उतरू नका. जे झालं तेच लिहायला सांगा, खोटं एक अक्षरही नको.

कार्ड वाचायचं आणखी एक कारण. बहुतेक पॉलिसी भरतीआधीच्या 30 आणि सुटल्यानंतरच्या 60 दिवसांचा त्याच आजाराचा खर्च देतात, काही 90 दिवसांचा. म्हणजे घरी आणल्यावरची औषधं, तपासण्या, डॉक्टरची फी यात बसू शकते, पण ती औषधं डिस्चार्ज कार्डावर किंवा नंतरच्या चिठ्ठीवर असली पाहिजेत आणि बिलावर रुग्णाचं नाव हवं. मेडिकलवाल्याकडून कच्ची पावती घेऊ नका. एक प्लॅस्टिकची पिशवी वहीला बांधून ठेवा, बिलं तिच्यात, आणि आठवड्याला फोटो मुंबईला.

काही पॉलिसींत घरीच भरतीसारखे उपचार असं कलम असतं. माणूस हलवण्याच्या स्थितीत नाही किंवा रुग्णालयात खाट नाही, असं डॉक्टरने लिहून दिलं आणि उपचार ठरलेल्या दिवसांहून जास्त चालले तर तो खर्च मागता येतो. आधी कंपनीला ईमेल करून मंजुरी घ्या. 2024 पासून कॅशलेसची, म्हणजे बिल कंपनीने परस्पर रुग्णालयाला भरण्याची, मंजुरी कंपनीने एका तासात आणि सुट्टीच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असा विमा नियामकाचा आदेश आहे. बिलासाठी आजारी माणसाला दिवसभर खुर्चीवर बसवून ठेवलं तर हे बोलून दाखवा.

दावा नाकारला तर कारण लेखी घ्या. आधी कंपनीकडे तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. मुंबईला आणि पुण्याला कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात.

सरकारी योजनेचं थोडं वेगळं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना 2023 च्या निर्णयाने सगळ्या शिधापत्रिकांना खुली झाली, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. आयुष्मान भारतमध्ये 2024 पासून 70 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला उत्पन्न न बघता स्वतंत्र कार्ड मिळतं. दोन्हींत रुग्णालय योजनेतलं हवं आणि उपचार यादीतला हवा. चौकशीचे क्रमांक 155388 आणि 14555. रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलाशी आधी जा, मग खाट घ्या. आणि नाव आजच जुळवा. रेशनकार्डावर रामा, आधारवर रामचंद्र, हे कोकणात घरोघरी आहे, आणि रक्त वाहत असताना त्याची दुरुस्ती होत नाही.

मुंबईत नोकरीला असलेला मुलगाच आजारी पडला तर घरचे त्याला राजीनामा द्यायला लावतात. कृपा करून घाई करू नका. नोकरी सुटली की कंपनीचा आरोग्यविमा जातो. प्रॉव्हिडंट फंडाशी जोडलेला जीवनविमा, जो नोकरीत असताना मृत्यू झाल्यास 7 लाखांपर्यंत मिळतो, तोही हातचा जातो. पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापलं जात असेल तर कर्करोगासारख्या आजारात 2 वर्षांपर्यंत पगाराच्या 80 टक्के रक्कम मिळू शकते. आधी हे विचारा, मग कागदावर सही करा.

बँकेतल्या पंतप्रधान जीवनज्योती विम्याचे 436 रुपये मेअखेर खात्यातून कापले जातात. आजारपणात खातं रिकामं झालेलं असतं, हप्ता जात नाही, आणि 2 लाखांचं संरक्षण गुपचूप बंद पडतं. आमच्या शेजारच्या गावात एका बाईच्या बाबतीत हेच झालं, नवरा जुलैत गेला. मे महिन्यात पासबुक भरून आणा. एलआयसीचा हप्ता चुकला असेल तर सवलतीचे दिवस साधारण 30 असतात, दरमहा हप्ता असेल तर 15. नॉमिनीचं नाव बघा. कित्येक पॉलिसींवर अजून वारलेल्या आईचं नाव असतं.

प्रवासाचं एक राहिलं. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येता रेल्वेत स्लीपर आणि थ्री टायर एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या माणसाला 75 टक्के. रुग्णालयाने ठरलेल्या नमुन्यात प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि तिकीट खिडकीवर काढायचं. घरची परिस्थिती अगदीच ओढगस्तीची असेल आणि वय 65 च्या आत असेल तर तहसीलदार कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करा, त्यात कर्करोगाचे रुग्ण धरलेले आहेत.

घरी जमत नसेल तेव्हा

काही घरांत खरंच जमत नाही. एकटी म्हातारी, दोन्ही मुलं परगावी, जखम मोठी. अशा वेळी हॉस्पिसचा विचार करताना मन खाऊ नका. वांद्र्याचं शांती अवेदना सदन 1986 साली सुरू झालं, देशातलं पहिलं. त्यांचंच गोव्यात लोटलीला आहे, सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या लोकांना ते जवळ पडतं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र 1997 पासून आहे. तिन्ही मुख्यतः कर्करोगाच्या रुग्णांसाठी आहेत आणि पैसे घेत नाहीत, म्हणून तिथे विम्याचा प्रश्नच येत नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरचं पत्र आणि सगळे रिपोर्ट घेऊन आधी फोन करा. दुखणं आटोक्यात आणण्यासाठी आठ-पंधरा दिवस ठेवून परत घरीही आणता येतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

शेवटच्या दिवसांबद्दल

गणपतीला मुंबईची मंडळी आली की अंगणात एक बैठक होते आणि कुणीतरी म्हणतं, असं कसं घरी ठेवलंय, आयसीयूत टाका. त्याच्या प्रेमावर मी शंका घेत नाही, त्याने रोजचं पाहिलेलं नसतं इतकंच. म्हणून आजारी माणूस बोलता आहे तोवर त्याला सगळ्यांसमोर विचारा. मामंजी म्हणाले होते, "माका आता खंय न्हेव नकात." मी ते तारखेसह वहीत लिहिलं आणि दोन्ही मुलांच्या सह्या घेतल्या. कायद्याने पक्कं हवं असेल तर सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये वैद्यकीय इच्छापत्र मान्य केलंय आणि 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केलीय: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे सही. आपल्या वतीने निर्णय कोण घेईल त्याचं नाव त्यात लिहायचं.

गावातल्या डॉक्टरला आधीच भेटून ठेवा आणि कागद दाखवून ठेवा. घरी मृत्यू झाला की मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र, नमुना 4-अ, त्यांनीच द्यायचं असतं. रोग्याला कधी पाहिलेलंच नसेल तर ते द्यायला कचरतात, आणि मग त्या पहाटे घरचे वणवण फिरतात. मृत्यूची नोंद 21 दिवसांत ग्रामपंचायतीत करा. विमा, बँक, पेन्शन, सातबारा, सगळीकडे दाखला लागतो, तेव्हा एकदम दहा प्रती घ्या. आधारवरचं आणि दाखल्यावरचं नाव एकच आहे का ते तिथेच उभं राहून वाचा.

उरलेलं मॉर्फिन घरात ठेवू नका, कुणाला देऊही नका. मोजून, वहीत लिहून, जिथून आणलं तिथे परत करा आणि पोच घ्या. मामंजींच्या चौदा गोळ्या उरल्या होत्या, दिवसकार्य झाल्यावर मी त्या ओरोसला नेऊन दिल्या. हवेची गादी साबणाने पुसून सावलीत वाळवा आणि उपकेंद्रात सांगून ठेवा की तुमच्याकडे आहे.